दोनच माणसांची गाडी

गाडी विकायची जाहिरात लिहायला मी लॅपटॉप घेऊन बसले आणि सासऱ्यांनी पहिल्याच वाक्याला मला अडवलं. मी लिहिलं होतं, ‘उत्तम डागडुजी केलेली, जुनी, ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्‌स कार विकणे आहे.’

"उत्तम काढ," ते म्हणाले. "उत्तम आहें की नाहीं तें घेणारा म्हणेल. आणि पावसांत छतांतून पाणी गळतें, तें लिही."

"अप्पा, ही जाहिरात आहे, कबुलीजबाब नव्हे."

"मग दुसऱ्या गिअरचेंही लिही. थंड असतांना नखरे करतो."

जाहिरात पुरी व्हायला आठवडा गेला. पुरी झाल्यावर मी ती एकदा वाचली, आणि एवढे दोष वाचूनही जो ही गाडी घ्यायला येईल त्याला आपण चहापाणी करून परत पाठवावं, असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

मी सांगलीची. लग्न होऊन चेन्नईला आले ती तंजावरी मराठी घरात. या लोकांचे पूर्वज कधीतरी तंजावरला आले, तिथून पुढच्या पिढ्या नोकरीधंद्यासाठी मद्रासला आल्या आणि मराठी मात्र जुन्या ट्रंकेत ठेवलेल्या शालूसारखी तशीच जपली. त्यांच्या बोलण्यात बखरीतली क्रियापदं आणि तमिळ हेल असा काही मेळ आहे की पहिले सहा महिने मी नुसती मान डोलवत होते. आता कळतं सगळं. बोलायला गेले तर सासूबाई तोंडाला पदर लावून हसतात.

गाडी सासऱ्यांना मिळाली जॉर्ज टाउनमध्ये, जुन्या मद्रासच्या बाजारपेठेत. ते तिथं एका कचेरीत कारकून होते, आणि शेजारच्या व्यापाऱ्याच्या गोदामात सुक्या मिरचीच्या पोत्यांखाली काहीतरी हिरवट धातू त्यांना रोज दिसायचा. एक दिवस त्यांनी पोतं सरकवून पाहिलं. खाली एक ठेंगणी, पक्कं छत नसलेली, तारांच्या चाकांची गाडी निघाली. व्यापारी म्हणाला, जागा अडवते, घेऊन जा. ती घरी आणली आणि अंगणात झटकली, त्या दिवशी अख्खी गल्ली शिंकत होती, असं सासूबाई सांगतात. मला ही अतिशयोक्ती वाटायची. पण दमट दिवसांत आजही त्या गाडीपाशी वाकलं की नाकात काहीतरी हुळहुळतंच.

मग सुरू झाली डागडुजी. सासरे निवृत्त होईपर्यंत ती फक्त रविवारी चालायची, नंतर रोज. सुटे भाग कुणाकुणाच्या बॅगांतून विलायतेहून यायचे. माझ्या नवऱ्याचा एक मित्र लोणच्याची बरणी न्यायचा आणि परत येताना कार्ब्युरेटर आणायचा. लाकडी डॅशबोर्ड वीणा बनवणाऱ्याच्या दुकानात पॉलिश झाला. समुद्र घरापासून चालत जाण्याइतका जवळ, त्यामुळे एक बाजू घासून रंगवेपर्यंत दुसरी गंजायला लागायची. आमच्या तिरुवान्मियूरच्या घरात पोर्च गाडीसाठी होता आणि माणसं कडेकडेनं आत यायची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असणार. गाडीची किल्ली सासऱ्यांच्या आरामखुर्चीमागच्या खिळ्याला टांगलेली असे. त्या खिळ्याला देव्हाऱ्याइतकाच मान होता. भिंत पुसतानाही कामवाली तेवढा हात राखून पुसायची.

इंजिन कधीचं तयार झालं होतं. सासरे पहाटे एकटेच एक चक्कर मारून यायचे. एकटेच, कारण डावी सीट नव्हती. तिचा सांगाडा मिरचीच्या पोत्यांखाली पार सडून गेला होता आणि त्या जागी हत्यारांचा डबा पट्ट्यानं बांधलेला असायचा. योग्य सांगाडा मिळायला, मग त्यावर चामडं शिवणारा मिळायला फार वेळ गेला. शेवटी सीट आली, बसली, उजव्या सीटशी रंगही जुळला. आणि त्याच महिन्यात सासऱ्यांच्या डोळ्यांचं निघालं.

समोर पाहिलं की नेमकं मधलंच दिसत नाही, कडेचं दिसतं, असं काहीतरी ते दुखणं आहे. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला साफ मनाई केली. सासरे त्यांच्याशी वाद घालत होते की, कडेचं दिसतंय ना, चेन्नईत सगळे कडेनंच येतात. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. घरी येऊन सासरे खुर्चीत बसले आणि म्हणाले, वंडी विकून टाकूं. वंडी म्हणजे गाडी. आमच्या घरी दुसरा शब्द नाही.

मला हे अजिबात पटलं नव्हतं. आयुष्याची इतकी वर्षं जिच्यात घातली ती सजून तयार झाल्यावर विकायची? कामासाठी परदेशी गेलेला नवरा दोन महिन्यांत परत येणार होता. तो चालवेल, तुम्ही शेजारी बसा, असं मी कितीदा सांगितलं. सासरे म्हणायचे, "नको. जागा फार अडवते." ज्या माणसानं पोर्चसाठी जन्मभर बायकोची बोलणी खाल्ली, तो आता जागेचं कारण सांगत होता. मला चीड यायची, आणि त्यांच्याकडे पाहिलं की वाईटही वाटायचं. पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी जाहिरात झळकली.

गिऱ्हाइकं आली. एकाला लग्नाच्या फोटोंसाठी गाडी भाड्यानं द्यायची होती. एकाला ती हॉटेलच्या दारात उभी करून तिच्या पुढच्या भागात कुंड्या ठेवायच्या होत्या. एका तरुणानं विचारलं, हिला एसी बसेल का. गाडीला छत म्हणजे एक कापड, ते गुंडाळून मागं ठेवलेलं. सासऱ्यांनी त्याला सरबत दिलं आणि फाटकापर्यंत सोडून आले.

प्रत्येक गिऱ्हाइकासमोर आमच्या घरी एक समांतर सभा चालायची, आणि ती मराठीत. ही या घराची फार जुनी सवय. भाजीवाल्यासमोर, साड्यांच्या दुकानात, डॉक्टरांकडे, बसमध्ये, जे परक्याला कळू नये ते सगळं मोठ्या आवाजात मराठीत बोलायचं. सासूबाई साडीच्या काठावर हात फिरवत, दुकानदाराकडे प्रेमानं बघत, "कापड पिठलें पुसलेल्या फडक्यासारखें आहें, ऊठ" असं सांगू शकतात. सांगलीत असलं काही बोलायचं तर स्वयंपाकघरात जावं लागतं, तिथंही कुजबुजावं लागतं. भिंतीला कान असतात ही म्हण माझ्या सासरी कुणी ऐकलेलीच नव्हती. इथल्या भिंतींना फक्त तमिळ कळतं, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. खरं सांगायचं तर मलाही ती सवय लागली होती आणि आवडतही होती.

तो आला एका रविवारी सकाळी. सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, चाळिशी ओलांडलेली, पोट थोडं पुढं, अंगात फुलाफुलांचा शर्ट. फोनवर इंग्रजीत बोलला होता. दारात आल्यावर सासऱ्यांशी तोडकंमोडकं तमिळ बोलला. तमिळ मोडकं आहे म्हणजे हा बाहेरचा, एवढं तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी स्वतः शोळिंगनल्लूरला ज्या ऑफिसात जाते तिथं जेवणाच्या टेबलावर निम्मी माणसं पुण्या-नागपूरची असतात. पण घरात शिरलं की मी घरातली होते.

त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं आणि शिंकला. सासरे खूश झाले. शिंकणारा माणूस नीट वाकून बघतो, असा त्यांचा अनुभव.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "ह्याचें पोट त्या स्टिअरिंगखालीं जाणार कसें?"

"सीट मागें सरते की," सासरे म्हणाले.

"शर्ट पाहिलांत? पडद्याचें कापड."

मी हसू दाबलं. पाहुणा तारांच्या चाकांकडे एकटक बघत होता. सासूबाईंनी मला सांगितलं, "कॉफी दुसऱ्या डिकॉशनची दे गे. हा सुम्मा पाहायला आलेला. घेणार नाहीं."

सुम्मा म्हणजे उगाच, नुसतंच. इथं फिल्टरमध्ये पहिल्यांदा उतरतो तो दाट काढा मानाच्या माणसाला, आणि त्याच भुकटीवर पुन्हा पाणी घालून जो उतरतो तो उरलेल्या जगाला. मी उरलेल्या जगाची कॉफी करून आणली. त्यानं एक घोट घेतला, टंबलरकडे बघितलं आणि गुपचूप दुसरा घोट घेतला.

मग त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते प्रश्न चांगले होते. दोन्ही कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून ठेवायला किती दिवसांनी हात लावावा लागतो, ट्रॅफिकमध्ये किती तापते, चाकाच्या मधला नट ठोकायची तांब्याची हातोडी बरोबर मिळेल का. सासरे मोकळे होत गेले. त्यांनी जाहिरातीतले सगळे दोष पुन्हा सांगितले, आणि वर जाहिरातीत मी गाळलेले दोन सांगितले. पाहुण्यानं ते ऐकून घेतले आणि म्हणाला की किंमत मान्य आहे, घासाघीस करायची नाही.

आम्ही तिघं ओटीवर येऊन बसलो. इतके दिवस ‘विकायची’ म्हणत होतो ती आता खरोखरच जाणार होती. सासरे खुर्चीत मागं टेकले. सासूबाई दारातून बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"एकदां पुन्हा विचार करा," त्या म्हणाल्या, अर्थात मराठीत. "पोर परत येतो आतां. तो चालवील, तुम्ही शेजारीं बसा. इतकी वर्षें केलांत. सुम्मा कां द्यायची?"

"मी शेजारीं बसलों तर तूं कोठें बसशील?"

"मी कशाला? मी घरीं."

"तेंच तर," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज वर गेला नाही, पण ते पाहुण्याकडे न बघता बोलत होते आणि भराभर बोलत होते. "दोनच जागा आहेत गे तींत. मी ही नीट करीत होतों तेव्हां मनांत एवढेंच होतें. मी चालवायची, तूं डाव्या बाजूला, समुद्राच्या रस्त्यानें जायचें. तुझी सीट सर्वांत शेवटीं झाली. ती झाली तर हे डोळे गेले. आतां तिसरा कोणी चालवला तर आपल्यांतला एक जण घरीं. मी गेलों तर तूं घरीं, तूं गेलीस तर मी. रोज सकाळीं पोर्चमध्यें तिला पाहतों आणि हेंच आठवतें. म्हणून जाऊं दे तिला."

इतके दिवस मी त्यांच्या हट्टाला नावं ठेवत होते, आणि कारण एवढं साधं होतं की गाडीकडे नुसतं बघितलं तरी दिसलं असतं. दोन सीटा. आमच्यासमोर एक परका माणूस बसला आहे आणि तो आता आगाऊ रक्कम देण्यासाठी फोन काढील, म्हणून मी डोळे पुसले आणि चेहरा नीट केला.

त्यानं फोन काढला नाही. टंबलर खाली ठेवला आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "काका, काकूंना गाडी चालवता येत नाही का?"

माझ्या सासऱ्यांच्या घराण्यात आजवर कुणाचा इतका मोठा पोपट झाला नसेल. सासूबाईंचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला. पडद्याच्या कापडाचा शर्ट आमच्यासमोर बसून कानापर्यंत लाल झाला होता.

"मी इचलकरंजीचा," तो म्हणाला. "आधीच सांगायला हवं होतं. पण पोटाचा विषय निघाला, मग म्हटलं आता सांगितलं तर तुम्हालाच अवघड होईल. नंतर जागाच सापडेना."

इचलकरंजी म्हणजे सांगलीच्या शेजारी. दोन घटका माझ्याच भागातला माणूस समोर बसला होता आणि मी त्याला पाणीदार कॉफी पाजली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

पण सासऱ्यांना यातलं काहीच लागलं नव्हतं. ते त्याच्या प्रश्नावरच अडकले होते. "येते की," ते सावकाश म्हणाले. "शाळेंत शिकवत होती तेव्हां आमची जुनी गाडी तीच चालवीत होती. पोराला घेऊन रोज जात होती. पण ही वेगळी. हिचा क्लच जड आहें."

"त्या गाडीचा क्लच हलका होता?" सासूबाईंनी विचारलं.

"आणि दुसरा गिअर..."

"दुसरा गिअर थंड असतांना नखरे करतो. जाहिरात मीही ऐकलें. इतकी वर्षें ही वंडी दारांत आहें. मला कोण विचारला, तूं चालवशील का म्हणून?"

सासरे त्यांच्याकडे बघत होते. म्हणजे त्यांची मान थोडी वळलेली होती, कारण समोरचं माणूस दिसावं म्हणून त्यांना आता किंचित बाजूला बघावं लागतं. मग त्यांनी हात मागं नेला, न बघता खिळा चाचपला आणि किल्ली काढून पुढं धरली.

"एक छोटी फेरी," ते पाहुण्याला म्हणाले. "घेणाऱ्यासमोर वंडी चालवून दाखवायला हवी की."

"हो, हो," तो म्हणाला. "बघूनच घेतो मी."

सासूबाईंनी चपला पोर्चमध्ये काढून ठेवल्या. पर्स आणि पाठीमागे ठेवायला देव्हाऱ्याजवळची उशी घेतली, पदर खोचला आणि उजव्या सीटवर बसल्या. या घरातून गाडी लांब निघाली की चाकांखाली लिंबं ठेवायचा मान सासूबाईंचा. त्या दिवशी सासऱ्यांनी ठेवली. चारी चाकांपाशी वाकून, रबराला हात लावून लावून. मग चाचपत डाव्या बाजूला आले आणि त्या नव्या, कुणीही न बसलेल्या सीटवर बसले. गाडी एकदा बंद पडली. दुसऱ्यांदा सुरू झाली, लिंबं फुटली, आणि फाटकातून बाहेर पडताना सासूबाईंनी हॉर्न दिला. समोर कुणीही नव्हतं.

मी आत जाऊन पाहुण्यासाठी पहिल्या डिकॉशनची कॉफी केली.

छोटी फेरी काही संपेना. आम्ही दोघं ओटीवर बसून सांगलीच्या भडंगाबद्दल, पंचगंगेच्या पुराबद्दल बोलत होतो, आणि माझे कान रस्त्याकडे लागले होते. त्याच्या वडिलांचा यंत्रमागांचा कारखाना होता. लहानपणी एका मासिकात अशी गाडी पाहिली तेव्हापासून त्याला ती हवी होती, हे त्यानं सहज सांगितलं आणि मला आणखीच कसंतरी झालं. अर्धा तास गेला. मी म्हटलं, गाडी तापली असेल. तो म्हणाला, तापली तर थांबतील, काका आहेत ना. आणखी वेळ गेला. मी म्हटलं, पोलिसांनी तर नसेल अडवलं. तो म्हणाला, अडवलं तर फोटो काढायला.

फोन आला तेव्हा आधी नुसता वारा ऐकू आला. मग सासूबाईंचा आवाज. "अगे, आम्ही समुद्राच्या रस्त्यानें कोवळम सोडून पुढें आहोंत. महाबलीपुरमला जाऊन येतों. डांगराचें पीठ फडताळांत आहें, दह्यांत कालव. त्या पोराला जेवूं घाल. पोटभर घाल."

"अम्मा, पण तो गाडीसाठी थांबलाय."

फोन सासऱ्यांकडे गेला. मी तेच त्यांना सांगितलं. त्यांच्या उत्तराआधी मला इंजिनाचा आवाज ऐकू आला, एकसारखा, खालचा. मग तो बदलला.

"ऐकलीस?" सासरे म्हणाले. "दुसऱ्यांतून तिसऱ्यांत टाकली. मी डोळे मिटून बसलों आहें. हिच्या हातांत ती बरोबर चालते, तें आवाजानेंच कळतें."

मी फोन ठेवला. पाहुणा माझ्याकडे बघत होता. त्याला काही सांगायची वेळच आली नाही, कारण फोनवरचं बोलणं मोठ्यानं झालं होतं आणि मराठी तर त्याला कळत होतीच.

"जाहिरात काढून टाका वहिनी," तो म्हणाला. "नाहीतर आणखी कुणीतरी येईल." मग तो जेवला. डांगराची पच्चडी, दह्यात कालवलेलं ते उडदाचं पीठ, दोनदा मागून घेतली. जाताना पोर्चमधल्या मोकळ्या जागेपाशी थांबला, फुटलेल्या लिंबांकडे बघितलं आणि मला म्हणाला की तांब्याची हातोडी जपून ठेवायला सांगा, ती आता मिळत नाही.

ती दोघं परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सासूबाईंचे केस सगळे मागं उडालेले, नाक उन्हानं लाल. सासरे उतरून बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांना विचारलं की पाहुण्याला काय कळवायचं, पुन्हा कधी बोलवायचं.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "तिला विचार."

सासूबाई चपला घालत होत्या. खिळ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पर्स उघडली, रुमाल बाजूला सारला आणि किल्ली आत टाकून चेन लावली.